द्वारकाबाईंचे माळवद

जिचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा करण्यात गेले, तिने उतारवयात स्वतः लिहावयास बसावे, हे मला स्वतःलाच थोडे अनुचित वाटते. सांगण्यासारखे काही असेल तरच लिहावे, असे मी मुलींना शिकवीत असे. हे लेखन त्या कसोटीला उतरेल की नाही, याची मला खात्री नाही. ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे त्या बाई रूढ अर्थाने थोर नव्हत्या. सोलापुरातील एक मुलींची शाळा आणि भवानी पेठेतील एक बोळ यांपलीकडे त्यांचे नाव कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. तरीही त्यांची एक सकाळ माझ्या मनात इतकी वर्षे अडून राहिली आहे की, ती कोणापुढे तरी मांडल्यावाचून मला स्वस्थता मिळणार नाही. जेथे चुकेल तेथे वाचकांनी समासात खूण करावी. मी ती मनाला लावून घेणार नाही.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या आधीच्या काही वर्षांतली आहे. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडून सोलापुरात शाळेत रुजू झाले होते आणि थोरल्या भावाच्या बिऱ्हाडी राहत होते. भाऊ गिरणीत कारकून होता. आमच्या माळवदाला लागूनच शेजारच्या घराचे माळवद होते. मध्ये गुडघाभर उंचीचा मातीचा कठडा. ही सारी घरे धाब्याची: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर हातभर माती. माळवदाला गच्ची म्हणता येईल, पण ती पाण्याशी वैर असलेली गच्ची. शेजारचे घर राजय्या नावाच्या तेलुगू विणकराचे होते. खाली त्याचा माग, आई, बायको आणि मुले. वर माळवदावर एकच लहानशी खोली, आणि त्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या आमच्याच शाळेतील द्वारकाबाई.

त्या उंच व सडसडीत होत्या. केस लवकर पिकलेले, आवाज हळू, चालणे भराभर. लहानपणीच वैधव्य आले होते, एवढे मला कळले होते; त्यापलीकडे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एकट्या बाईने विणकराच्या घरात बिऱ्हाड करावे, याचे शाळेत आश्चर्य होतेच. हेडमास्तरीणबाईंनी एकदा सर्वांदेखत विचारले, "द्वारकाबाई, आपल्या लोकांचे वाडे सोडून त्या मागाच्या खडखडाटात तुम्ही राहता तरी कशा?"

द्वारकाबाई वह्यांतून मान वर न काढता म्हणाल्या, "उन्हात."

सगळ्याजणी हसल्या, परंतु ते उत्तर विनोदाने दिलेले नव्हते. बाईंना खरोखरच ऊन हवे होते आणि पेठेतील त्यांना परवडणाऱ्या इतर खोल्यांत ते कोठेच नव्हते. त्या माळवदावर त्यांनी रॉकेलच्या डब्यांत एक बाग उभी केली होती.

त्या काळी रॉकेलचा रिकामा डबा कोणी टाकून देत नसे. त्यात पाणी, पीठ, डाळी, सर्व काही साठवीत. डबा गंजून त्याच्या तळाला भोके पडली आणि तो कशाच्याच उपयोगाचा राहिला नाही, म्हणजे मग बोळातल्या बायका म्हणत, "जा, बाईंना देऊन ये." बाईंना असाच डबा हवा असे. "भोके पाडण्याचे माझे श्रम वाचले," असे म्हणून त्या तो ठेवून घेत. कापलेली कड दगडाने ठोकून आत वळवीत, म्हणजे हाताला लागू नये. भोकांवर फुटक्या घागरीची खापरी पालथी घालीत. आमच्याकडची काळी माती शेतात सोने, पण डब्यात घातली की तिची वीट होते. म्हणून तळ्याचा गाळ, ओढ्याची वाळू आणि मुरलेले शेणखत आणवून त्या आपल्या हाताने कालवीत. तुळस, मोगरा, शेवंती, मरवा, पानओवा, गवती चहा, गावठी गुलाब अशी त्यांची मंडळी होती. डबे थेट मातीच्या माळवदावर नसत. खाली विटा, विटांवर डबा आणि मध्ये पाझरलेले पाणी धरण्यासाठी फुटकी परात किंवा खापराचा तुकडा. "झाडाला पाणी पाजायचे आहे, माळवदाला नाही," हे त्यांचे वाक्य मी कितीदा ऐकले असेन.

पाणी घालण्यापूर्वी त्या तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसत. ओल लागली की त्या डब्याला त्या दिवशी सुट्टी. त्यामुळे त्यांच्या नखांत माती आणि बोटांवर खडूची पूड असा मेळ नेहमीच असे, आणि मुली त्यावरून हसत. "पाणी घालायला कोणीही शिकते, न घालायला शिकावे लागते," असे त्या म्हणत.

एकदा कठड्यापाशी उभी राहून मी उत्साहाने म्हटले, "शेवंती आज अगदी खुशीत दिसते, नाही का हो बाई?"

"ती काही बोलली का तुमच्याशी?"

"नाही."

"मग तिच्या वतीने आपण बोलू नये, सुशीलाबाई. मातीत बोट घालून पाहा."

मी ओशाळले, पण त्यांच्या बोलण्यात टोचणी नसे. त्या सर्वांशी अशाच वागत. चौथीत एक मुलगी गणितात फार मागे होती. वर्गबाई तिला रोज शाळा सुटल्यावर जादा उदाहरणे घालीत आणि ती रोज रडत घरी जाई. द्वारकाबाई म्हणाल्या, "हिला पाणी पुष्कळ झाले आहे. काही दिवस हिला खिडकीपाशी बसवून नुसते राहू द्या." त्या मुलीला पुढे गणित आले, असे सांगितले तर ते खोटे होईल. तिचे रडणे मात्र थांबले.

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना माळवदावरच्या दुपारच्या उन्हाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. चैत्र सरला की बाई काठ्या रोवून त्यांवर गोणपाटे बांधीत. एका वर्षी गोणपाटे अपुरी पडली. नेमके त्याच दिवशी शाळेत तपासणीसाठी वरिष्ठ साहेब यावयाचे होते आणि द्वारकाबाई कोपराशी ठिगळ असलेली चोळी घालून व विटके लुगडे नेसून आल्या.

हेडमास्तरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, निदान आज तरी ते बरे लुगडे नेसायचे!"

"ते आज कामावर आहे," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पाहिले, त्यांचे ते बरे निळे लुगडे चार काठ्यांवर ताणलेले होते आणि त्याच्या सावलीत मरवा व पानओवा उभे होते.

या सर्व मंडळींत एक झाड त्यांना अधिक जवळचे होते, असे मला वाटे. ते लिंबाचे. सरबत करताना उरलेल्या बीपासून त्यांनी ते वाढवले होते. आधी लहान डब्यात, मग मोठ्या डब्यात आणि शेवटी वखारीतून आणलेल्या लाकडी पिंपाच्या अर्ध्या भागात असे ते वर्षानुवर्षे बिऱ्हाड बदलत मोठे झाले होते. पण त्याला फूल म्हणून आलेले नव्हते. "बीचे लिंबू उशिरा शहाणे होते," असे म्हणून बाई त्याची समजूत काढत, की स्वतःची, कोण जाणे. ज्या वर्षाची ही हकिगत आहे त्या वर्षी, फाल्गुनाच्या अखेरीस, त्याला पहिल्या कळ्या दिसल्या. बाईंनी मला कठड्यावरून हाक मारून बोलावले.  फक्त पानाआडची कळी बोटाने दाखवली. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. एका सकाळी राजय्याची आई नरसम्मा जिना चढून वर आली. गुडघे धरीत, श्वास टाकीत. ती बाईंना 'पंतुलम्मा' म्हणे. तेलुगूत शिक्षिकेला तसे म्हणतात.

"पंतुलम्मा, जरा खाली या की."

"काय झाले?"

"काय झालं ते डोळ्यानं बघा. म्या सांगून काय उपेग?"

कठडा ओलांडून मीही मागोमाग गेले. मागाच्या खड्ड्यात राजय्या आडवे सूत फेकण्याचा धोटा हातात धरून नुसता बसला होता. मागावर पांढऱ्या उभ्या सुताचा ताणा चढवलेला होता आणि त्याच्या मधोमध वाटीएवढा तांबूस डाग होता. आम्ही पाहत असतानाच वरच्या फळीच्या सांध्यातून मातकट पाण्याचा आणखी एक थेंब पडला. वर, नेमक्या त्याच जागी, लिंबाचे पिंप होते. खालची परात बहुतेक पाणी धरीत असे; पण बाहेर ओघळलेल्या थोड्याथोड्या पाण्याच्या एवढ्या वर्षांच्या ओलीने आणि पिंपाच्या वजनाने तिथली माती खचली होती.

बाईंनी डागाला हात लावला नाही. 

"हे धुवून निघेल का, राजय्या?"

"खळ लावलेला ताणा हाय, बाई. धुतला तर खळ जातीया. तेवढं सूत कापून नवं जोडावं लागंल. व्हईल. न्हाय व्हत असं न्हाय." तो त्यांच्याकडे न पाहता बोलत होता. "पर आनखी पानी आलं तर मग काय खरं न्हाय."

"माळवदावर नवी माती घातली तर?"

"घालायची की. पर माती घालायची म्हंजी वर पानी मारायचं, पायानं तुडवायची. खाली ताणा चढलेला असताना कसं जमंल? हे कापड उतरू द्या, मग जेष्ठात घालू."

नरसम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पंतुलम्मा, तुमीच सांगा. झाडं पायजेत का माग पायजे?"

"अम्मा!" राजय्या तिला दटावून म्हणाला.

"तिला बोलू द्या," बाई म्हणाल्या. "झाडे माझ्या हौसेची आहेत. माग तुमच्या पोटाचा आहे. आजपासून वर पाण्याचा थेंब पडणार नाही."

"मग झाडांचं?" नरसम्माने विचारले.

 सोलापूरच्या वैशाखात डब्यातले झाड पाण्यावाचून किती तग धरील, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. 

नरसम्माच पुन्हा बोलली. मघाचा आवाज आता राहिला नव्हता. "ते लिंबू माझ्या अंगणात ठेवा की. हितं माळवद न्हाय, काय न्हाय. पानी भुईत जाईल. म्या घालीन."

त्या दिवशी संध्याकाळी ते पिंप दोरांनी बांधून उतरवले. बोळातले चार विणकर आले होते. "पोरगी सासरी निघाली जनू," एकाने म्हटले; दुसरा म्हणाला, "गप, जड हाय, हुंडा बी आतच दिसतोय." बाईही हसल्या, पण त्यांचा हात शेवटपर्यंत खोडावर होता. पिंप अंगणात टेकले तेव्हा बऱ्याच कळ्या जिन्यात गळून पडल्या होत्या.

ते पाहायला जमलेल्या बायकांनी मग एकेक डबा मागून घेतला. शेवंती पिठाच्या गिरणीवाल्यांकडे गेली, गुलाब कोपऱ्यावरच्या शिंपिणीकडे, तुळस व मरवा मारुतीच्या देवळामागच्या घरांत. मोगरा माझ्या वहिनीने घेतला. काळोख पडण्यापूर्वी माळवद मोकळे झाले. विटा तेवढ्या रांगांनी राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई शाळेला निघण्याआधी बोळातून एक फेरी मारू लागल्या. बायका चेष्टेने म्हणत, "इन्स्पेक्टरीणबाई आल्या, डबे पुसून ठेवा गं!" बाई प्रत्येक दाराशी थांबत, मातीत बोट घालीत, आणि बहुधा एवढेच सांगत: "आज नको." प्रेमाने माणसे पाणी फार घालतात, हा त्यांचा त्या उन्हाळ्यातील मुख्य अनुभव होता.

लिंबावरचे संकट मात्र निराळ्याच वाटेने आले. त्याची पाने एकाएकी पिवळी पडून झडू लागली. नरसम्मा घाबरून गेली. "रोज घालतीया की, पंतुलम्मा! नुसतं पानी बी न्हाय, चांगली खळ घालतीया. भाताची पेज हाय ती, मानसाला सुदिक चालंल."

बाईंनी विचारले, "सुताला लावून उरलेली खळ?"

"व्हय की. टाकून द्यायची त्यापरीस..."

"तीत मोरचूद असतो का हो?"

नरसम्माचा चेहरा उतरला. सुताला बुरशी लागू नये म्हणून खळीत मोरचूद, ते निळे विष, घालण्याची त्यांची पद्धत होती. ती रोज आपल्या हाताने घालीत असे. भाताची पेज झाडाला द्यावी एवढेच तिच्या मनात आले. मोरचुदाचे स्मरण राहिले नाही. ती पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "म्या मारलं गं तुमचं झाड."

"अजून मेलेले नाही," बाई म्हणाल्या. "उठा. आपण त्याला न्हाऊ घालू." दोघींनी मिळून वरची माती खरवडून काढली, आडाच्या पाण्याच्या घागरी ओतून खालच्या भोकांतून सारी खळ धुऊन काढली आणि वर नवा गाळ घातला. मी पाणी शेंदून देत होते.  मध्येच नरसम्मा म्हणाली, "दुसरी कोन असती तर मला शिव्या दिल्या असत्या." बाई म्हणाल्या, "तुम्ही मला दिल्या होत्या का, ताणा खराब झाला तेव्हा?" नरसम्मा विचार करून म्हणाली, "मनात दिल्या होत्या." आणि दोघीही चिखलाच्या हातांनी हसू लागल्या.

झाड काही दिवस काटकीसारखे उभे होते. मग त्याला तांबूस पालवी फुटली.

ज्येष्ठात राजय्याचे कापड मागावरून उतरले. त्याने शब्द पाळला. माळवदावर नवी पांढरी माती पडली, तुडवून, ठोकून, पन्हळीकडे उतार देऊन. ती सुकल्यावर तो स्वतः बाईंच्या दाराशी आला. "बाई, आता पक्कं झालं. भिंतीच्या कडंला, तुळईवर ठिवा, मधी नको. आना तुमची झाडं."

मी मघा म्हटले ती सकाळ ही. रविवार होता. बाई मोठी वेताची टोपली घेऊन निघाल्या. लहान डबे त्यात बसले असते, मोठ्यांसाठी मागून माणूस बोलावला होता. मी आमच्या माळवदावरून त्यांना पाहत होते. त्या गिरणीवाल्यांच्या दाराशी थांबल्या, वाकल्या, काही बोलल्या, पुढे गेल्या. शिंपिणीच्या दाराशी बराच वेळ उभ्या राहिल्या. देवळामागे वळून दिसेनाशा झाल्या. परत आल्या तेव्हा टोपली रिकामी होती.

मी कठड्यापाशी गेले. "बाई, दिली नाहीत का कोणी?"

"मी मागितली नाहीत."

"का?"

त्यांनी टोपली पालथी ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. "गिरणीवाल्यांच्या सुनेने शेवंतीसमोर रांगोळी काढली आहे. शिंपीणबाईंनी गुलाबाला आपल्या हाताने सावली शिवली आहे, झालरीची. एकीने तुळशीला गेरू लावून वृंदावन केले. प्रत्येकीने सांगितले, बघा बाई, आमचे कसे आले आहे." मग त्या म्हणाल्या, "तोंड उघडावे असे एकही दार मला सापडले नाही."

"पण ती तुमची आहेत. त्या सांभाळायला घेऊन गेल्या होत्या."

"सांभाळली आहेतच."

एकट्या नरसम्माने आपण होऊन विषय काढला. "पंतुलम्मा, लिंबू वर न्या की आता. तुमचं हाय." बाई म्हणाल्या, "त्याचे एकदा उतरणे झाले, एकदा विष झाले. आता त्याला हलवायला नको." एवढे बोलून त्या जिना चढून गेल्या.

त्यांनी नवे डबे लावले नाहीत. का, ते मला कधी कळले नाही, आणि तर्क करणे त्यांना आवडले नसते. एकदा संध्याकाळी मी पाहिले, त्या सवयीने कळशी भरून वर घेऊन आल्या. मोकळ्या माळवदावर ती कमरेवर धरून काही क्षण उभ्या राहिल्या आणि मग ती तशीच खोलीत नेऊन ठेवली.

पुढल्या उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. गुडघे जिना चढू देत नव्हते. बार्शीला पुतण्या होता, त्याच्याकडे जावयाचे ठरले. निघायच्या आदल्या दिवशी नरसम्माने लिंबाचे पहिले पिवळे फळ त्यांच्या हातात ठेवले. बाईंनी ते तिच्याच हाताने चिरवून सर्वांना सरबत करायला लावले. राजय्याला, मुलांना, मला, सर्वांना थोडे थोडे मिळाले.

टांगा आला तेव्हा बोळातल्या पुष्कळ बायका दारांत आल्या होत्या. माझी वहिनी केळीच्या पानात ओंजळभर फुले घेऊन लगबगीने पुढे झाली. ती मनाने फार चांगली होती.

"बाई, आमच्या मोगऱ्याची फुले आहेत. देवाला घाला."

द्वारकाबाईंनी पान दोन्ही हातांनी घेतले. त्यांनी फुले नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"छान फुलतो हो तुमचा मोगरा," त्या म्हणाल्या.

वहिनी समाधानाने हसली. टांगा हलला. मी पुष्कळ वेळ त्यांच्या चेहऱ्यात काही सापडते का ते पाहत होते. तो नेहमीसारखाच शांत होता, आणि पान मांडीवर सांभाळून धरलेले होते. कोपऱ्यावर टांगा वळला.

मी तेव्हाही ठरवू शकले नाही आणि आजही ठरवू शकत नाही, म्हणून वाचकांनाच विचारते: त्या रविवारी रिकामी टोपली घेऊन तुम्ही निघाला असता, तर आपली झाडे परत मागितली असती का?